टाकीची काच टफन आहे का, हे टिचकीवरून कळत नाही

जळगाव-भुसावळकडे फिश टँकला भोक पाडायचं म्हटलं की कुणीतरी काचेवर टिचकी मारतो आणि ‘साधीच आहे, बिनधास्त मार’ म्हणतो. दुसरा म्हणतो, भरपूर पाणी सोडत ड्रिल सावकाश चालवलं तर टफन (तापवून कडक केलेल्या) काचेलाही भोक पडतं. दोन्ही खोटं.

टफन काच सुमारे ६२० अंशांना तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. त्यामुळे पृष्ठभाग दाबाखाली आणि आतला गाभा ताणाखाली राहतो. ड्रिलचा डायमंड बिट (काच कापणारं हिऱ्याच्या कणांचं टोक) त्या ताणापर्यंत पोहोचला की अख्ख्या काचेचा क्षणात चुरा. पाणी फक्त बिट थंड ठेवतं.

खरी तपासणी फुकटात होते. रिकाम्या टाकीमागे लॅपटॉपचा एलसीडी पडदा पांढरा करून ठेवा. पोलराइज्ड गॉगलची काच (साधा काळा गॉगल चालणार नाही) पडदा काळा दिसेपर्यंत फिरवा. पडदा आणि गॉगल यांच्यामधल्या टाकीच्या काचेत उजळ पट्टे, ढगाळ डाग दिसले तर ती टफन. एकसारखा अंधार राहिला तर साधी. प्रत्येक काच वेगळी बघा. बाजू साध्या आणि तळ मात्र टफन, अशा तयार टाक्या सर्रास मिळतात.