क्लिप-ऑन हँडल

क्लिप-ऑन हँडल : मोटारसायकलच्या पुढच्या दोन शॉकअपच्या नळ्यांवर एकेका क्लॅम्पने आवळून बसवलेल्या दोन आखूड दांड्यांची जोडी. नेहमीचे हँडल म्हणजे वाकवलेली एकसंध नळी. दोन्ही शॉकअपना वरून जोडणारी जी आडवी पट्टी असते, जिला मेकॅनिक 'टी' म्हणतात, तिच्यावरच्या दोन खुंट्यांत ही नळी धरलेली असते. क्लिप-ऑनमध्ये डावी दांडी डाव्या शॉकअपला आणि उजवी उजव्याला थेट जोडलेली असते, मध्ये काही नसते. त्यामुळे चालकाचे हात खाली, पुढे आणि एकमेकांच्या जवळ येतात आणि तो टाकीवर ओणवतो. नागपुरात जुन्या यामाहा आरएक्स १०० पासून बुलेटपर्यंत अनेक गाड्यांवर हौशी मंडळी हा बदल करून घेतात. बोलताना 'गाडीला क्लिपॉन टाकली' असे म्हणतात.

ही जोडी शर्यतीच्या गाड्यांवरून रस्त्यावर आली. भर वेगात चालकाला वारा मागे ढकलतो. अंग जितके खाली, तितका वाऱ्याला अडथळा कमी. १९५० च्या दशकातल्या मँक्स नॉर्टनसारख्या शर्यती गाड्यांवर खाली बसवलेल्या दांड्या होत्या. ब्रिटनमधल्या तरुणांनी तीच ढब आपल्या रोजच्या गाड्यांवर आणली. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरचा १९३८ चा एस कॅफे हा त्यांचा अड्डा होता आणि ताशी १०० मैल गाठणे ही त्यांची ईर्षा. 'कॅफे रेसर' हे नाव तिथलेच. रॉयल एनफिल्डने १९६४ मध्ये २५० सीसीची काँटिनेंटल जीटी कारखान्यातूनच क्लिप-ऑनसह विकायला काढली. तेच नाव कंपनीने भारतात २०१३ मध्ये ५३५ सीसी आणि २०१८ मध्ये ६५० सीसी गाडीला पुन्हा दिले. मधल्या काळात बजाज पल्सर २२० आणि २००८ ची यामाहा आर१५ यांनी दोन तुकड्यांचे हँडल आपल्याकडे ओळखीचे करून टाकले. पल्सरच्या दांड्या मात्र टीच्या वर, बऱ्याच उंच आहेत. तिच्यावर बसून 'क्लिपॉनने त्रास होत नाही' असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल.

वर की खाली

क्लिप-ऑन टीच्या वर बसवता येते किंवा खाली. सगळे गणित या एका निवडीवर फिरते. वर बसवायची तर शॉकअपच्या नळीचे टोक टीच्या वर तेवढे निघालेले हवे. बहुतेक साध्या गाड्यांत ते टीच्या पातळीतच संपते. मग टीचे बोल्ट सैल करून नळ्या वर सरकवतात. काम सोपे आणि झटपट आहे, आणि ते तसे आहे म्हणूनच त्यातला धोका नजरेतून सुटतो. नळ्या वर गेल्या म्हणजे गाडीचे नाक खाली गेले. दोन चाकांमधले अंतर १,३५० मिमीच्या आसपास असेल, तर १० मिमी सरकवल्याने शॉकअपचा कल जवळजवळ अर्ध्या अंशाने उभा होतो. ३० मिमी सरकवले तर सव्वा अंश. पुढचे चाक चटकन वळू लागते आणि सरळ रस्त्यावर वेगात गाडी अस्थिर वाटू लागते. शिवाय शॉकअप पूर्ण दबल्यावर मडगार्ड खालच्या टीला, म्हणजे दोन्ही शॉकअपना खालून जोडणाऱ्या पट्टीला, किंवा हॉर्नला आपटू शकते. हे जागेवर उभ्या गाडीत दिसत नाही. गतिरोधकावरून ब्रेक दाबत उतरताना कळते, आणि नागपूरच्या वस्त्यांत गतिरोधक गल्लीगणिक आहेत.

खाली बसवणे यापेक्षा सरस, पण कष्टाचे. टी पूर्ण उचलून काढावी लागते, क्लॅम्प नळीवर सरकवावा लागतो आणि मग टी परत बसवावी लागते. त्या जागेत आधीच हेडलाइट धरणारे कान असतात. ते खाली सरकवावे लागतात, नाहीतर नवे करून घ्यावे लागतात. पारंपरिक बुलेटमध्ये तर हेडलाइटचे ओतीव कवच, म्हणजे कॅस्केटच, वरच्या टीचे काम करते आणि नळ्यांचा तेवढा भाग झाकून टाकते. तिथे बाजारातली क्लिप-ऑन सरळ बसतच नाही. कॅस्केट काढून दुसऱ्या टी आणि वेगळा हेडलाइट असा पूर्ण पुढचा भाग बदलावा लागतो. बुलेटवाल्याने खर्चाचा अंदाज घेताना हे आधी धरावे.

माप

क्लिप-ऑन नळीच्या व्यासाप्रमाणे मिळते. काँटिनेंटल जीटी ६५० ची नळी ४१ मिमी आहे. जुन्या १०० सीसी गाड्यांच्या नळ्या याहून बऱ्याच बारीक असतात. इंटरनेटवरच्या यादीवर विसंबण्यापेक्षा क्लॅम्प जिथे बसणार त्याच ठिकाणी व्हर्नियरने माप घ्यावे. एक मिमी मोठा क्लॅम्प घेऊन आत पत्र्याची पट्टी सारणे हा उपाय दुकानात हमखास सुचवला जातो. तो नाकारावा. ब्रेक मारताना चालकाच्या धडाचे वजन त्या पकडीवर येते, आणि तिथली पट्टी सरकली तर हातात फिरणारी दांडी उरते. हाताने धरायच्या दांडीचा व्यास बहुतेक गाड्यांत २२ मिमी असतो, त्यामुळे जुन्या ग्रिप, लिव्हर आणि स्विच नव्या दांडीवर चालतात. दांडी क्लॅम्पपासून सुटी होणारी असावी. गाडी आडवी पडली तर फक्त दांडी बदलून भागते.

बदलाचा क्रम

गाडी डबल स्टँडवर घेऊन टाकीवर जाड गोधडी टाकतात. ब्रेक ऑइल रंग खाते आणि पाना निसटला की टाकीला पोचा पडतो, म्हणून ही पहिली पायरी कधी गाळू नये. आरसे, दांडीच्या टोकाची वजने, ग्रिप, स्विच आणि क्लच लिव्हर या क्रमाने काढत जातात. पुढे डिस्क ब्रेक असेल तर त्याचे मास्टर सिलिंडर, म्हणजे हँडलवरचा ब्रेक ऑइलच्या डबीचा भाग, पाइपसकट उभेच टांगून ठेवावे. ते उलटे झाले की पाइपात हवा शिरते आणि पूर्ण ब्रेकची हवा काढत बसावे लागते. मग खुंट्या सोडवून जुने हँडल उचलतात. टीवर दोन भोके उघडी राहतात. त्यांना झाकणाऱ्या गुंड्या मिळतात, किंवा लेथवर करून घेता येतात. हिंगणा एमआयडीसीसारखी औद्योगिक वसाहत शहराला लागून असल्याने असले छोटे काम करून घेणे नागपूरकराला जड नाही.

दांड्या बसवल्या की दोन्ही बाजूंचा कोन सारखा आहे ना, हे टाकीच्या मध्यरेषेवरून दोरी धरून पाहतात. नजरेवर सोडलेले काम नेहमी एका बाजूला झुकते. क्लॅम्पचे दोन बोल्ट असतील तर ते आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. निर्मात्याने आकडा दिला असेल तर तोच प्रमाण. नसेल तर एम-६ बोल्टला १० न्यूटन-मीटर आणि एम-८ ला २० ते २५ च्या आसपास. ॲल्युमिनियमचे आटे लोखंडाचा जोर सोसत नाहीत. 'अजून एक झटका' देऊन ते खलास झालेले अनेकदा दिसतात. आवळण्याचा जोर मोजणारा टॉर्क पाना नसलेल्या मेकॅनिककडे हे काम देऊ नये. स्विचच्या आत एक लहान पिन असते. ती बसायला नव्या दांडीला भोक पाडावे लागते. ते टाळण्यासाठी पिनच कापून टाकली, तर भर रस्त्यात पूर्ण स्विच ॲक्सिलरेटरसोबत फिरू लागतो.

खरे काम यानंतर सुरू होते. हात खाली आल्याने क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबली लांब पडतात. त्यांचे वेटोळे हेडलाइटपुढे लोंबते. ते बांधून टाकण्यापेक्षा केबलीचा मार्ग बदलावा किंवा आखूड केबल करून घ्यावी, कारण तीव्र वळणाने केबल जड होते आणि लवकर तुटते. ब्रेकच्या पाइपला पीळ बसता कामा नये. दांड्या खाली झुकलेल्या असल्याने मास्टर सिलिंडरची टाकीही तिरकी होते. ती शक्य तितकी आडव्या पातळीत फिरवून घ्यावी, नाहीतर तेल कमी झाल्यावर ती हवा ओढते.

मग सर्वांत महत्त्वाची तपासणी. इंजिन सुरू ठेवून, न्यूट्रलमध्ये, हँडल डावीकडे टोकापर्यंत आणि मग उजवीकडे टोकापर्यंत वळवावे. इंजिनाचा आवाज वाढला तर केबल ताणली जाते आहे. अशी गाडी चौकात यू-टर्न घेताना आपोआप उसळेल. त्याच वेळी अंगठा टाकीवर चेपतो का, हे पाहावे. चेपत असेल तर दांडीचा कोन बदलावा किंवा टीचा वळण-रोधक वाढवून वळण कमी करावे. पण वळण कमी झाले की महाल आणि इतवारीच्या गल्ल्यांत गाडी एका दमात वळत नाही, पाय टेकून मागे-पुढे करावी लागते. टाकीशी भांडणारी क्लिप-ऑन नागपूरच्या जुन्या वस्तीत राहणाऱ्याने घेऊच नये, असे स्पष्ट मत नोंदवणे योग्य होईल.

शरीरावरचा भार

ओणवलेल्या चालकाच्या धडाचे वजन पेलते कोण, या प्रश्नावर क्लिप-ऑनचे सगळे सुखदुःख अवलंबून आहे. वेगात समोरचा वारा छातीला उचलून धरतो आणि मनगटे मोकळी राहतात. हळू चालताना वारा नसतो, आणि तेच वजन तळहातांवर उतरते. अंगठ्याला आणि बोटांना मुंग्या येतात, कारण मनगटातून जाणाऱ्या नसा दाबल्या जातात. संध्याकाळी सीताबर्डीच्या व्हरायटी चौकातून लोहापुलाकडे सरकणाऱ्या गर्दीत क्लिप-ऑनची गाडी क्लच दाबत चालवणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. बर्डीत वारा नाही. तो आहे वर्धा रोडने बुटीबोरीकडे निघाल्यावर, किंवा कामठीवरून मनसर-रामटेकच्या दिशेने गेल्यावर. समृद्धी महामार्गावर दुचाकीला मनाई आहे, म्हणून नागपूरच्या हौशी चालकाला हेच रस्ते उरतात. तेही सपाट आणि सरळ. क्लिप-ऑनचा खरा लाभ ज्या वळणावळणांच्या घाटात मिळतो, तो गाठायला चिखलदऱ्यापर्यंत जावे लागते.

हँडल अरुंद झाल्याने वळवायला जोरही जास्त लागतो. टोकापासून टोकापर्यंत ७४० मिमी असलेल्या हँडलाच्या जागी ६२० मिमीची जोडी आली, तर तेच वळण घ्यायला हाताला सुमारे एक-पंचमांश जास्त बळ लावावे लागते. धावत्या गाडीत ते जाणवत नाही. खड्ड्यात चाक तिरके होते तेव्हा जाणवते.

हात पुढे गेले आणि पाय जुन्या जागीच राहिले, तर शरीर अर्धवट दुमडलेले राहते आणि पाठ दुखते. म्हणून फूटरेस्ट मागे आणि थोडे वर नेणारा संच क्लिप-ऑनसोबतच बसवावा. पाय मागे गेले की गुडघ्यांनी टाकी धरता येते आणि धडाचा भार मांड्यांवर येतो. फक्त हँडल बदलून थांबणे ही यातली सर्वांत सर्रास चूक आहे. चार-सहा महिन्यांत जुने हँडल परत लावणारे बहुतेक याच कारणाने परततात.

उन्हाळ्याचा विचार नागपुरात वेगळा करावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. तेव्हा दुपारी उभी ठेवलेली लोखंडी टाकी हात लावू देत नाही. क्लिप-ऑनवर पोट आणि मांड्या तिलाच चिकटतात, आणि सिग्नलला इंजिनाची वाफ थेट तोंडावर येते. वर पाहण्यासाठी मान मागे वळवावी लागते, आणि हेल्मेटखाली गुंडाळलेल्या दुपट्ट्याची गाठ नेमकी मानेच्या त्याच वळीत रुतते. दुपट्टा पुढे बांधावा, टाकीवर कापडी आवरण घालावे आणि एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊच्या आत गाडी काढावी. शक्य असेल तर त्या दोन महिन्यांपुरत्या दांड्या क्लॅम्पमध्ये थोड्या वर फिरवून घ्याव्यात.

कायदा

मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ वाहनातील बदलांविषयी आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये, निर्मात्याच्या मूळ रचनेला छेद देणारा बदल करता येणार नाही, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून काम करण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्यावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. आरसे काढून टाकणे तर मुळीच चालणार नाही. दांडीच्या टोकाला बसणारे आरसे मिळतात, ते लावावेत.

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, त्यामुळे शहरात फिरणारी, एमएच-३१ पाटीची प्रत्येक आरएक्स आज याच टप्प्यातून जाते. तपासणीच्या दिवशी तिच्यावर मूळ हँडल असावे लागते. जुने हँडल, खुंट्या आणि त्यांचे बोल्ट तेल लावून, कागदात गुंडाळून, गाडीचा नंबर लिहून माळ्यावर ठेवावेत.