थालीपीठ दोनदा भाजावं लागतं

ज्वारी, बाजरी, तांदूळ आणि डाळींची कच्ची पिठं एकत्र करून, कांदा-तिखट घालून तव्यावर थापली तरी न्याहारी होते. पण तिला थालीपीठाची चव येत नाही. ती चव तव्याच्याही आधी, भाजणी भाजताना कढईत तयार व्हायला लागते.

साठवणीच्या धान्यात साधारण १० ते १२ टक्के पाणी असतं. ते निघून जाईपर्यंत दाणा फारसा तापत नाही. पुढे त्याचा पृष्ठभाग १४० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला, की प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्यात झपाट्यानं रासायनिक क्रिया सुरू होते. फ्रेंच वैज्ञानिक लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती मायार अभिक्रिया. तिच्या टप्प्यांचा नीट आराखडा मात्र १९५३ मध्ये अमेरिकेतल्या जॉन हॉज यांनी मांडला. या क्रियेतून तांबूस रंग येतो आणि पायराझिनसारखी शेकडो सुगंधी द्रव्यं तयार होतात. भाजलेल्या शेंगदाण्यांचा आणि कॉफीचा वासही याच कुळातला. उकडलेल्या पदार्थाला तो येत नाही, कारण पाणी १०० अंशांवर उकळतं आणि तापमान तिथेच अडतं.

प्रत्येक धान्य वेगळं भाजायची रीत म्हणूनच शास्त्रशुद्ध आहे. हरभरा डाळीचा दाणा मोठा, बाजरीचा बारीक. एकत्र टाकले तर डाळ आतून कच्ची असतानाच बाजरी करपते. आंच मंद ठेवायची ती उष्णता दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोचावी म्हणून. धणे-जिरे शेवटी आणि अगदी थोडा वेळ, नाहीतर त्यांची उडून जाणारी तेलं कढईतच संपतात.

बाजरीला भाजण्याचा आणखी एक फायदा होतो. तिच्यात स्निग्धांश बराच असतो, शिवाय तो फोडणारं लायपेज नावाचं विकरही (एन्झाइम) असतं. दळल्यावर दोघं एकत्र येतात आणि काही दिवसांत पीठ कडवट होतं. उष्णतेनं हे विकर निकामी होतं, त्यामुळे भाजणी कच्च्या बाजरीच्या पिठापेक्षा जास्त टिकते. तरी माझं मत ठाम आहे: महिनाभर पुरेल एवढीच दळून आणावी. सुगंध काही लायपेजची वाट पाहत नाही.

ज्वारी-बाजरीत ग्लूटेन, म्हणजे गव्हाच्या कणकेला ताण देणारं प्रथिन, नसल्यामुळे पीठ लाटलं की तुटतं, म्हणून ते ओल्या फडक्यावर थापायचं. पीठ धरून ठेवायला उडदाचा चिकटपणा मदत करतो. मधल्या भोकांतून वाफ सुटते आणि सोडलेलं तेल तळापर्यंत जातं. आधी झाकण ठेवावं: कोंडलेल्या वाफेत स्टार्च फुगून मऊ शिजतो. मग झाकण काढावं, म्हणजे वरचं पाणी उडून कडा कुरकुरीत होतात आणि मायार अभिक्रिया पुन्हा सुरू होते. थालीपीठाचं हे दुसरं भाजणं. सोनेरी-तांबूस रंगावर थांबणं मात्र महत्त्वाचं. पिठूळ पदार्थ फार भाजले-तळले तर त्यांत अॅक्रिलामाइड हे आरोग्याला घातक ठरू शकणारं रसायन तयार होतं, हे स्वीडनच्या वैज्ञानिकांनी २००२ मध्ये दाखवून दिलं. शिवाय डाळींमुळे मिळणारं लायसिन हे मोलाचं अमिनो आम्लही जास्त भाजण्यात खर्ची पडतं.

राहिलं लोणी. सायीला विरजण लावल्यावर त्यातले काही जिवाणू डायअॅसिटिल हे सुगंधी द्रव्य तयार करतात. घरच्या लोण्याचा खास वास बराचसा त्याचाच. भाजणीतली बरीच सुगंधी द्रव्यंही स्निग्धात चांगली विरघळतात, त्यामुळे लोण्याबरोबर घास जिभेवर रेंगाळतो. पण डायअॅसिटिल ८८ अंशांनाच उकळतं. म्हणून लोण्याचा गोळा तव्यावर टाकू नये. थालीपीठ ताटलीत आलं की वर ठेवावा आणि तो पुरता वितळायच्या आत पहिला घास घ्यावा.