टेम्प्रानियो फ्रान्सहून आलेलं नाही

स्पेनच्या रिओहातली रेड वाइन मुख्यतः टेम्प्रानियो या काळ्या द्राक्षाची. त्याच्याबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते: स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेला निघालेल्या फ्रेंच मठवासीयांनी फ्रान्सच्या बर्गंडीतून पिनो न्वार या द्राक्षाच्या काड्या आणल्या, आणि त्यांचंच पुढे टेम्प्रानियो झालं. गोष्ट ऐकायला छान आहे, पण खरी नाही.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात या वाणाचे आईबाप सापडले: अल्बियो मायोर आणि बेनेदिक्तो. दोन्ही स्पेनचीच. त्यातलं अल्बियो मायोर तर चक्क पांढरं द्राक्ष! बेनेदिक्तो आज जवळपास विस्मरणात गेलंय, याची मात्र हळहळ वाटते. एवढ्या नावाजलेल्या लेकराचं नाव जगभर झालं आणि जन्मदात्याला कुणी ओळखत नाही.

नावही अस्सल स्पॅनिश आहे. 'तेम्प्रानो' म्हणजे लवकर; हे द्राक्ष गार्नाचा या दुसऱ्या काळ्या द्राक्षाच्या आधी पिकतं.

हेच द्राक्ष स्पेनच्याच रिबेरा देल दुएरोत तिंतो फिनो, ला मांचात सेन्सिबेल, तर पोर्तुगालमध्ये तिंता रोरिस म्हणून ओळखलं जातं. बाटलीवर यातलं कुठलंही नाव दिसलं, तरी आतलं वाण तेच.