संक्रमणकालीन देखभाल (वृद्धांची)

वृद्ध रुग्णाला रुग्णालयातून घरी नेताना आणि नंतरचे काही आठवडे उपचारांत खंड पडू नये म्हणून केली जाणारी मदत. तिची तयारी रुग्ण दाखल असतानाच सुरू व्हावी लागते. डिस्चार्जच्या दिवशी घाईत दिलेल्या सूचना फारशा लक्षात राहत नाहीत.

मूळ आजार आटोक्यात आला, तरी अपुरी झोप, तुटपुंजा आहार आणि सतत पडून राहणे यांमुळे शरीर खचलेले असते. या अवस्थेकडे अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ हार्लन क्रमहोल्झ यांनी २०१३ मध्ये लक्ष वेधले. रुग्ण पुन्हा दाखल होतो तो पुष्कळदा वेगळ्याच कारणाने. मेडिकेअर या अमेरिकी सरकारी विमा योजनेतील रुग्णांच्या २००९ च्या अभ्यासात सुमारे २० टक्के रुग्ण ३० दिवसांत परत दाखल झाले होते. औषधोपचारानंतर घरी जाऊन असे परतलेल्यांपैकी निम्म्यांची मधल्या काळात डॉक्टरांकडे एकही भेट नोंदलेली नव्हती.

सर्वाधिक घोळ औषधांचा होतो. घरात जुन्या गोळ्या असतात, हातात नवी चिठ्ठी असते. एकच औषध दोन नावांनी घेतले जाते किंवा रुग्णालयात बंद केलेली गोळी घरी पुन्हा सुरू होते. म्हणून आधीची आणि नवी यादी समोरासमोर ठेवून काय चालू, काय बंद, कशाची मात्रा बदलली आणि का, हे लिहून द्यावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या औषधसुरक्षा मोहिमेतही रुग्णालयातून घरी जाण्याचा हा टप्पा अग्रक्रमाचा मानला आहे. ‘समजले का?’ या प्रश्नाला बहुतेक जण हो म्हणतात. त्याऐवजी सूचना रुग्णाच्याच शब्दांत सांगायला लावणे कितीतरी भरवशाचे.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मेरी नेलर यांच्या पद्धतीत एकच प्रशिक्षित परिचारिका रुग्णाला रुग्णालयात भेटते आणि पुढे घरीही जाते. अमेरिकी वृद्धरोगतज्ज्ञ एरिक कोलमन यांच्या चार आठवड्यांच्या पद्धतीत रुग्ण व कुटुंबीय यांनाच औषधे सांभाळणे, स्वतःची नोंदवही ठेवणे, वेळेवर तपासणीला जाणे आणि धोक्याची लक्षणे ओळखणे शिकवले जाते.

प्रत्यक्ष भार घरच्या माणसावर पडतो आणि त्यालाच बहुधा कोणी विचारत नाही. रुग्णाला खाटेवरून उठवणे, जखमेची पट्टी बदलणे, अचानक बरळणे सुरू झाल्यास ते वार्धक्य समजून न सोडता डॉक्टरांना कळवणे, हे त्याला आधी करून दाखवायला हवे. ओक्लाहोमा राज्याने २०१४ मध्ये कायदा करून अशा काळजीवाहकाचे नाव नोंदवणे व त्याला शिकवणे ही रुग्णालयांची जबाबदारी ठरवली. पुढे अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी तसेच कायदे केले.