सतरंजीखालचं वेटोळं

आगीच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ ते वाचलं की मला चुटपुट लागते. शॉर्टसर्किट झालंच नसेल असं माझं म्हणणं नाही. पण पुष्कळदा ते अगदी शेवटी होतं. त्याआधी एखादी वायर तासन्‌तास, कधी महिनोन्‌महिने तापत असते आणि कोणाला पत्ताही नसतो.

यंदा गणेश चतुर्थीला मामीकडे हे प्रत्यक्ष हाताला लागलं. ओट्यावर जागा नव्हती म्हणून इंडक्शन बाहेरच्या खोलीत आणलेलं, त्यावर मोदकपात्र, शेजारी मिक्सर, सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर. वायर पायात येऊ नये म्हणून कोणीतरी तिचं छान वेटोळं केलं होतं, दोऱ्याने बांधून सतरंजीखाली सरकवलं होतं. मी नेमका तिथेच बसलो आणि सतरंजी कोमट लागली. खाली हात घातला तर मधल्या फेऱ्यांवर बोट ठेववेना. प्लास्टिक मऊ पडून फेरे एकमेकांना चिकटले होते.

“अरे, एमसीबी आहे ना! काही झालं तर पडेल आपोआप,” मामी म्हणाली.

आपल्यापैकी बहुतेकांचा हाच समज असतो. पण एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा खटका, भिंतीतल्या वायरची राखण करतो. भिंतीबाहेर आपण काय जोडलंय हे त्याला कळत नाही. मामीच्या त्या पॉइंटला १६ अँपिअरचा एमसीबी होता. शॉर्टसर्किटचा शेकडो अँपिअरचा लोंढा आला की तो क्षणार्धात पडतो. पण १८ अँपिअर वाहत असतील तर त्याने तासभर पडायचं नाही, असं त्याचं मानकच सांगतं. आता हिशेब करू. इंडक्शन १८०० वॅटचं. २३० व्होल्टने भागलं की जवळजवळ ८ अँपिअर. मिक्सर ७५० वॅटचा, सव्वातीन अँपिअर. एकूण ११. एमसीबीच्या लेखी सगळं आलबेल. बोर्डाच्या वायरवर मात्र छापलं होतं ६ अँपिअर. सहा-सोळाच्या एकत्रित सॉकेटमध्ये सहाचा थ्री पिन टॉप बिनतक्रार बसतो, म्हणून ही जोडी जमते. ब्रिटनमध्ये प्लगच्या पोटातच फ्यूज असतो, तो त्या प्लगच्या वायरपुरता पहारा देतो. आपल्या प्लगमध्ये तो नसतो.

मग ६ अँपिअर म्हणजे नेमकं काय? पाइपातून जास्तीत जास्त किती पाणी जाईल, तशी ही मर्यादा नाही. त्या वायरमधून ११ काय, २० अँपिअरही जातील. हा आकडा उष्णतेचा आहे. विजेच्या प्रवाहाने तारेत किती उष्णता होते याचा नियम जेम्स जूलने १८४० च्या सुमारास शोधला: प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे तारेचा प्रवाहाला होणारा अडथळा. या वर्गातच सगळी मेख आहे. प्रवाह ६ चा ११ झाला, म्हणजे दुप्पटही नाही, पण उष्णता ३६ ची १२१ झाली, तिपटीहून जास्त.

एक चौरस मिलिमीटर छेदाच्या, म्हणजे आडवी कापली तर तोंडाचं तेवढं क्षेत्रफळ असलेल्या, तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे साधारण ०.०१७२ ओहम असतो. आपली वायर ०.७५ ची, आणि वीज जाते एका तारेने, परतते दुसरीने, म्हणून मीटरमागे ०.०४६ धरू. त्याला १२१ ने गुणलं की साडेपाच वॅट. पाच मीटरला २८ वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातली सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते! तितकी उष्णता मामीच्या सतरंजीखाली निघत होती.

ही २८ वॅट उष्णता पाच मीटरभर पसरली असती तर वायर नुसती गरम लागली असती. तापलेली वस्तू पृष्ठभागातून उष्णता सोडते. एका क्षणी जितकी तयार होते तितकीच बाहेर जाते आणि तापमान तिथेच स्थिरावतं. अँपिअरचा आकडा ठरतो तो या समतोलावरून: साध्या पीव्हीसीत आतलं तांबं ७० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये. वेटोळ्यात मात्र मधल्या फेऱ्याभोवती हवा नसते, तसलेच तापलेले फेरे असतात. वरून सतरंजी. बाहेर जायची वाट बंद, उत्पादन चालू. त्यात तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. तापमान ५० अंशांनी चढलं की रोध पाचव्या हिश्शाने जास्त, म्हणजे उष्णताही तेवढी जास्त. म्हणूनच रिळावर गुंडाळलेल्या एक्स्टेन्शनवर वॅटचे दोन आकडे छापतात, एक गुंडाळलेल्या अवस्थेतला आणि एक पूर्ण उलगडलेल्या. पहिला खूपच लहान असतो.

याच समतोलाचा एक सुंदर परिणाम आहे. तारेचा व्यास दुप्पट केला की छेद चौपट होतो, रोध चौथा हिस्सा. पण उष्णता सोडणारा पृष्ठभाग दुप्पटच होतो. त्यामुळे प्रवाहाचा वर्ग व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, आणि प्रवाह व्यासाच्या दीड घातात. म्हणून चौपट तांबं घालूनही अँपिअर चौपट होत नाहीत, अडीच ते तीन पट होतात. जाड वायर महाग पडते ती अशी.

इलेक्ट्रिशियन ‘दीडची’, ‘अडीचची’ वायर म्हणतो तेव्हा तो हाच छेद चौरस मिलिमीटरमध्ये सांगत असतो. व्यास नव्हे. दीडच्या एकसंध तारेचा व्यास १.४ मिलिमीटरच भरेल. जुन्या दुकानांत अजून ‘तेवीस-छत्तीस’, ‘चाळीस-छत्तीस’ मागतात. म्हणजे ३६ गेजचे २३ किंवा ४० पदर. गेज वाढला की तार बारीक, कारण तार छिद्रांतून जितक्या वेळा ओढावी तितकी ती बारीक होत जाते, त्यावरून हे आकडे आले. अमेरिकेहून आलेल्या वायरवर तिथला गेज असतो, १८ म्हणजे सुमारे ०.८२ चौरस मिलिमीटर. दर तीन आकड्यांना छेद निम्मा होतो. त्या वायरवर १२५ व्होल्ट छापलं असेल तर ती आपल्या २३० वर वापरू नका.

संगीतप्रेमींना हजारो रुपयांची ‘ऑक्सिजनमुक्त तांब्याची’ पॉवर केबल विकतात, तिने म्हणे आवाज खुलतो. वीज खांबावरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारांतून मैलोन्‌मैल येते, मग भिंतीतल्या वायरमधून. शेवटच्या दीड मीटरने आवाज बदलत नाही. ते पैसे इंडक्शनसाठी दीडची वायर आणि १६ अँपिअरचा प्लग घ्यायला वापरावेत.

मामीची ती वायर मी घरी आणली, कापली आणि एक तार सोलून भिंगाखाली पदर मोजले. ०.७५ च्या वायरमध्ये ०.२ मिलिमीटरचे २४ पदर असायला हवेत. स्क्रू गेजवर व्यास ०.२ बरोबर आला. पदर मात्र १४ निघाले, पुन्हा मोजले तरी १४. वर ठळक ०.७५ छापलेलं आणि आत ०.४४. म्हणजे सतरंजीखाली २८ नव्हे, ४७ वॅट निघत होते.