टक्कर टळली खरी, पण हवेत की धावपट्टीवर?

जून २०२४ मध्ये मुंबई विमानतळावरची एक क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर भरपूर फिरली. २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर एअर इंडियाचं विमान उड्डाणासाठी धावतंय, अजून उचललेलं नाही, आणि घाटकोपरच्या बाजूने आलेलं इंडिगोचं विमान त्याच धावपट्टीवर टेकतंय. कोणाला ओरखडाही आला नाही. डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाने चौकशी लावली, संबंधित कंट्रोलरला, म्हणजे विमानांना परवानग्या देणाऱ्या अधिकाऱ्याला, ड्युटीवरून बाजूला केलं.

हे असं झालं किंवा आभाळात दोन विमानं एकमेकांच्या फार जवळून गेली, तरी आपण दोन्हीला ‘टक्कर थोडक्यात टळली’ असंच म्हणतो. विमान वाहतुकीच्या कागदोपत्री मात्र ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. हवेतलं ते एअरप्रॉक्स आणि धावपट्टीवरचं ते रनवे इनकर्जन.

एअरप्रॉक्समध्ये प्रश्न अंतराचा. दोन विमानांमधलं अंतर, त्यांची जागा आणि वेग पाहता धोका निर्माण झाला असावा, असं पायलटला किंवा कंट्रोलरला वाटलं की नोंद होते. आंतरराष्ट्रीय व्याख्येत फुटांचा ठरावीक आकडा नाही. अमेरिका मात्र ५०० फुटांचा निकष लावते.

रनवे इनकर्जनमध्ये प्रश्न जागेचा. तिथे दुसरं विमान असायलाच हवं असं नाही. देखभालीची जीप किंवा रस्ता चुकलेला कामगार चुकीच्या वेळी धावपट्टीवर सापडला तरी नोंद होते. कुत्रा शिरला तर मात्र नाही, कारण व्याख्येत विमान, वाहन आणि माणूस एवढेच आहेत.

आणखी एक गंमत. दोन्हीकडे गांभीर्याच्या श्रेण्या ए, बी, सी, डी अशाच आहेत, पण ‘डी’चा अर्थ वेगळा. एअरप्रॉक्समध्ये डी म्हणजे धोका किती होता ते ठरवता आलं नाही. इनकर्जनमध्ये डी म्हणजे तातडीचा धोका नव्हता. नुसतं ‘डी श्रेणी’ वाचून हायसं वाटून घेऊ नये.

दोन्हींचे उपायही वेगळे. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसं गेली. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर थांबायचं होतं, ते त्याखाली उतरलं. त्यानंतर भारतात टक्कर टाळणारी यंत्रणा, म्हणजे टीकॅस, सक्तीची झाली. पण जमिनीपासून साधारण हजार फुटांच्या खाली टीकॅस ‘वर जा, खाली जा’ असे आदेश देणं बंद करतं. तिथे ‘खाली जा’ सांगणं म्हणजे जमिनीवर आपटायला सांगणं. त्यामुळे धावपट्टीवरच्या गोंधळात टीकॅसचा उपयोग शून्य. तिथे कामाला येतात रंगवलेल्या पिवळ्या रेघा, लाल दिवे आणि टॉवरची, म्हणजे विमानतळावरच्या मनोऱ्यात बसलेल्या कंट्रोलरची, परवानगी.

आणि टॉवरच नसेल तर?

अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे पाच हजार विमानतळ आहेत आणि टॉवर आहेत जेमतेम पाचशेच्या आसपास. बाकी ठिकाणी फाटकवाला नसलेल्या रेल्वे फाटकासारखा कारभार: ज्याने त्याने बघायचं आणि सामायिक रेडिओ फ्रिक्वेन्सीवर आपण कुठे आहोत ते सांगायचं. पिवळ्या रेघेपाशी थांबून परवानगी मागायची ती स्वतःकडेच. उतरण्याआधी धावपट्टीभोवती घालायची घिरटीही बहुधा हजार फुटांवरच असते, म्हणजे टीकॅस असलंच तरी ते जिथे गप्प होतं नेमकं तिथे.

चरखी दादरीनंतर बरोबर आठवड्याने, १९ नोव्हेंबर १९९६ ला, इलिनॉयमधल्या क्विन्सीला हेच भोवलं. प्रवासी विमान १३ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरत होतं आणि तिला छेदणाऱ्या ४ क्रमांकाच्या टोकाला किंग एअर हे छोटं दोन इंजिनांचं विमान उभं होतं. प्रवासी विमानाच्या पायलटने रेडिओवर विचारलं, चार नंबरवरचं विमान थांबणार की सुटणार? उत्तर आलं, थांबतोय. पण ते दिलं किंग एअरच्या मागे उभ्या असलेल्या लहानशा चेरोकीच्या पायलटने. त्याच्या वाक्याचा काही भाग प्रवासी विमानाच्याच कॉकपिटमधल्या उंची सांगणाऱ्या यांत्रिक आवाजाखाली दबला, आणि वैमानिकांना वाटलं किंग एअरच बोललं. किंग एअर सुटलं, दोन्ही विमानं छेदावर भिडली आणि १४ जण गेले. किंग एअरच्या पायलटांनी आपण सुटतोय हे फ्रिक्वेन्सीवर सांगितलं असतं आणि आजूबाजूला नीट पाहिलं असतं तर ही वेळ आली नसती, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे झालं धावपट्टीवरचं. ऑगस्ट २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल इथे, तेही टॉवरविना, दोन सेसना विमानं उतरता उतरता हवेतच आदळली आणि तिघे गेले. घिरटी घालून उतरणाऱ्या छोट्या सेसनामागून दुसरं विमान कितीतरी जास्त वेगाने सरळ आत येत होतं. छोट्याच्या पायलटला ते दिसलं होतं, आपण उतरणं सोडून वर जातोय असं तो रेडिओवर म्हणालाही, पण तोवर अंतर उरलं नव्हतं.

कागदावर एक अपघात धावपट्टीचा, दुसरा हवेचा. टॉवरच्या विमानतळावर निदान या दोन्हींवर लक्ष ठेवणारा कंट्रोलर असतो. इथे दोन्हीकडे आधार एकच, ती फ्रिक्वेन्सी आणि काचेबाहेर बघणारे डोळे. म्हणून अशा धावपट्टीकडे येताना दहा मैलांवरूनच फ्रिक्वेन्सी लावून बोलायला लागा आणि शक्यतो घिरटी घालूनच उतरा, असं तिथले नियामक पायलटांना सांगतात.