अध्ययनशैली आणि वेबआधारित वर्गसाधने

एकच आशय चित्र, आवाज, मजकूर आणि प्रत्यक्ष कृती अशा वेगवेगळ्या वाटांनी मुलांपुढे ठेवण्यासाठी शिक्षक इंटरनेटवर चालणारी साधने वापरतात. या रीतीमागे अध्ययनशैलीची कल्पना आहे: कुणाला आकृती पाहून समजते, कुणाला ऐकून, तर कुणाला हाताने करून पाहिल्याशिवाय पटत नाही. साधने उपयोगी आहेतच, पण ज्या कारणासाठी ती बहुतेकदा सुचवली जातात ते कारण कच्चे आहे.

अध्ययनशैलीची अनेक प्रारूपे आहेत. डेव्हिड कोल्ब यांनी 1984 मध्ये अनुभवाधारित अध्ययनाची मांडणी केली. न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग यांची ‘व्हार्क’ प्रश्नावली दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन आणि कृती असे चार कल मानते. शिक्षक-प्रशिक्षणांत तीच सर्वांत जास्त रुळली. 2004 च्या एका ब्रिटिश आढाव्यात अशी तब्बल 71 प्रारूपे मोजली गेली. हॉवर्ड गार्डनर यांचा बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत (1983) याच पंगतीत बसवला जातो, ते चूक आहे; बुद्धिमत्ता म्हणजे अध्ययनशैली नव्हे, असे खुद्द गार्डनर यांनी स्पष्ट केले आहे.

मुलाची शैली ओळखून त्याच शैलीत शिकवले तर ते जास्त शिकते का? 2008 मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासले. दावा सिद्ध व्हायचा तर ‘दृश्य’ मुलांना चित्रांतून आणि ‘श्राव्य’ मुलांना ऐकून शिकण्याचा फायदा व्हायला हवा, आणि अदलाबदल केल्यावर तो जायला हवा. इतक्या काटेकोरपणे केलेले अभ्यास फारच थोडे सापडले, आणि त्यांतल्या काहींचे निष्कर्ष थेट उलटे होते. आवडनिवड खरी असते, पण तिच्याप्रमाणे शिकवल्याने शिकणे वाढते असा भक्कम पुरावा नाही. शिक्का मारण्याचा तोटा मात्र वर्गात दिसतो. ‘मी बघून शिकणारा आहे, मला वाचन जमत नाही’ असे चौथीतले मूल म्हणू लागले, की त्याचे वाचन तिथेच अडते.

म्हणून वाट ठरवावी ती आशयाकडे पाहून. अभंगाची लय कानांनीच पकडावी लागते, नदीचे खोरे नकाशावर पाहावे लागते आणि विद्युतमंडल जोडून बघावे लागते. वर्गातल्या सगळ्याच मुलांना या सगळ्या वाटा मिळाव्यात.

जिओजेब्रा हे मोफत गणिती साधन मार्कुस होहेनवार्टर यांनी 2001 मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथे सुरू केले. त्यात त्रिकोणाचा एक शिरोबिंदू बोटाने ओढला की तिन्ही कोनांचे आकडे भराभर बदलतात, बेरीज मात्र 180 अंशांवरून हलत नाही. बिंदू ओढण्याआधी ‘आता हा कोन वाढेल की कमी होईल?’ असे विचारून मुलांना अंदाज वहीत लिहायला लावावा; नाहीतर तो नुसता चलच्चित्रपट होतो. मग कागदी त्रिकोणाचे तिन्ही कोपरे फाडून एका रेषेवर जुळवावेत. पडद्यावरचे कोन दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवले असतील, तर त्यांची वहीत केलेली बेरीज कधी 179.99 येते, कधी 180.01. हे एखाद्या मुलीच्या लक्षात आले, तर पुढचा धडा बाजूला ठेवून आसन्न (म्हणजे जवळच्या अंकात घेतलेल्या) किमतीबद्दल बोलावे. अशी संधी ठरवून मिळत नाही.

विज्ञानासाठी नोबेलविजेते कार्ल वायमन यांनी 2002 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला ‘फेट’ प्रकल्प आहे. त्याची अनेक सिम्युलेशन्स (पडद्यावर करून पाहायचे आभासी प्रयोग) मराठीतही चालतात. घट, तारा, बल्ब जोडताना तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसतात आणि शॉर्टसर्किट झाले तर पेट घेतो तो पडद्यावरचाच घट. खरा बल्ब पेटवण्याचा आनंद यातून मिळत नाही, तेव्हा खरे सेल आणि वायरही टेबलावर हव्यातच.

महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालून ध्वनी, चित्रफिती आणि स्वाध्याय पुस्तकाच्या पानाशी जोडले. 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. बालभारतीच्या पुस्तकांतले कोड ‘दीक्षा’ या 2017 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय डिजिटल शिक्षण मंचाकडे नेतात. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या बहुमाध्यमी अध्ययनावरील संशोधनाने चित्रफितींबद्दल एक कामाची गोष्ट दाखवली आहे. चित्र आणि निवेदन एकत्र उपकारक ठरतात; पण निवेदनातलेच शब्द पडद्यावरही लिहिले, तर मुलांचे लक्ष सहसा विभागते. शैक्षणिक चित्रफितींत ही चूक सर्रास दिसते.

मात्र शैली आणि गरज यांची गल्लत होता कामा नये. दृष्टिबाधित मुलाला मजकूर वाचून दाखवणारे स्क्रीनरीडर किंवा कर्णबधिर मुलीला उपशीर्षके लागतात, तो आवडीचा प्रश्न नाही. वाचन-अक्षमता असलेल्या मुलाचेही तसेच. 1984 मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘कास्ट’ संस्थेचा सार्वत्रिक अध्ययन आराखडा इथून सुरुवात करतो: आशय पोचवण्याचे, मुलांना गुंतवण्याचे आणि त्यांनी उत्तर देण्याचे मार्ग पहिल्यापासूनच अनेक ठेवावेत. पॅडलेटसारख्या ऑनलाइन सामायिक भिंतीवर कुणी लिहून, कुणी बोलून, कुणी वहीतल्या आकृतीचा फोटो टाकून उत्तर देऊ शकते.

घरात एकच मोबाइल आणि तोही संध्याकाळी वडील कामावरून आल्यावर हाती येणारा, ही असंख्य मुलांची स्थिती आहे. त्यामुळे ‘दीक्षा’तला आशय शाळेच्या वायफायवर आधी डाउनलोड करून ठेवणे आणि प्रत्येक ऑनलाइन कामाला कागदावरचा पर्याय देणे, हेही नियोजनाइतकेच शिक्षकाचे काम ठरते.